कॅमेरा क्रमांक सात

येऊरच्या फाटकातून आत, पाटोणपाड्याच्याही पलीकडे,
जिथे दोन उतार एकमेकांना न भेटता
एकाच ओढ्याला पाणी देतात,
तिथे ऐनाच्या खोडाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर
मी एक डोळा बांधून ठेवलाय.

दर पंधरवड्याला जायचं. कार्ड बदलायचं, सेल बदलायचे,
भिंगावरचं कोळ्याचं जाळं काडीने काढायचं.
काकड वांगड पुढे चालतो. बोलत नाही.
वाटेवर वाळली विष्ठा दिसली की उकिडवा बसतो,
काटकीने उसवतो,
आतले भेकराचे केस मला लांबूनच दाखवतो,
पोस्टमनने दुसऱ्याचं पत्र दाखवावं तसे.

रात्री, कोलशेतच्या अकराव्या मजल्यावर,
मी दरी उघडून बसतो.
दोन हजार एकशे सहा चित्रं.
त्यांतली सोळाशे गवताची.
एकच पातं. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.
ऊन तापलं, वारा सुटला,
की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं.

आणि मग खरंच कुणी येतं.
साळिंदर, सगळं घर पाठीवर फिसकटलेलं.
पिसोरा, सशाएवढं हरीण, एक पाय उचललेला,
खाली ठेवायचा की नाही ते अजून ठरत नाहीये.
माकडाच्या पोराचा तळहात, चित्रभर नुसता तळहात.
आणि रात्रीच्या प्रत्येक चित्रात, मागे, कारवीच्या काटक्यांमधून
घोडबंदरच्या टॉवरांचे दिवे.
पहिल्या वर्षी मी त्यांना डोळे समजून मोजले होते.

चैत्रातलं कार्ड.
चार बारा : बिबट्या. उजवा कान फाटलेला.
चार सदतीस : बुधी वरठा, डोक्यावर टोपली, मोहाची फुलं वेचायला.
पाच एक : बिबट्या, परतीचा,
बुधीच्या पावलाशी नाक नेऊन.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी बुधीला उशीर, तर त्यालाही उशीर.
असे अकरा दिवस.

तक्त्यात रकाने आहेत : प्रजाती, संख्या, वेळ.
बुधीसाठी वेगळा रकाना आहे, 'मानवी हस्तक्षेप'.
तो मी अकरा वेळा भरला.

मग फोटो दाखवायला गेलो.
अंगणात चटईभर मोहाची फुलं, त्यांचा गोड, जड वास,
मुंग्यांची एक रेघ थेट उंबऱ्यापर्यंत.
तिने आधी स्वतःलाच पाहिलं.
पदर असा काय खोचलाय मी, म्हणाली.
मग त्याला पाहिलं. दचकली वगैरे नाही.
"त्याचा वास येतो," म्हणाली,
"आंबेमोहोर शिजत ठेवल्यासारखा.
मग मी कुंभ्याच्या झाडाखाली थांबते. खोकते.
चुंबळ सोडून परत वळते.
तेवढ्यात तो निघतो."
आणि परतीचा? "तो पाहतो, मी गेले का."

मग विचारलं, माझं काय लिहितोस?
सांगितलं.
हस्तक्षेप म्हंजे?
मी म्हणालो, म्हणजे, जिथे आपलं काम नाही
तिथे हात घालणं.
तिने माझ्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याच्या.
ती हसली नाही.
काकड हसला. चार वर्षांत पहिल्यांदा.

प्रत्येक कार्डात शेवटी मीच असतो.
भिंगाला चिकटलेलं नाक, तोंडात धरलेली काडी,
कपाळावर घाम. ती चित्रं मी पुसायचो, न बघता.
काल पुसली नाहीत.
संख्या एक. वेळ दहा वीस.
रकाना शोधावा लागला नाही.

त्यानंतर सहा सेकंदांनी अजून एक चित्र आहे.
गवताचं. तेच पातं,
माझ्या पायाने वाकलेलं,
अजून वर यायचंय.